गेटचा खांब जमिनीलगत मोडला, तर काँक्रीट फोडायचं का?

नाशिकजवळच्या आडगाव शिवारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. प्लॉटला १२ फुटी एकपल्ली पत्र्याचं गेट, दोन्ही बाजूंना ३ इंची पाइपचे खांब, काँक्रीटमध्ये बसवलेले. काम सहा वर्षांपूर्वीचं. यंदाच्या पावसाळ्यानंतर बिजागरीकडचा खांब जमिनीलगत मोडला आणि गेट सध्या दोरानं कडुनिंबाला बांधून ठेवलंय. कुंपणाचे पाच-सहा अँगलही बुडाशी खाल्ले गेलेत. त्यांचा फॅब्रिकेटर म्हणतो, काँक्रीटमधल्या खुंटावरच नवा पाइप वेल्ड करून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. ताईंना ते पटत नाही. जुनं काँक्रीट फोडून काढायचं कसं, एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, आधी एक गोष्ट आजच करा. ते गेट उतरवून जमिनीवर आडवं ठेवा. चार माणसं बोलवा, पण उतरवाच. एवढं पत्र्याचं गेट दीडशे किलो तरी भरतं. दोर दवात भिजतो, उन्हात वाळतो आणि सैल पडतो. त्यातून मुलांना गेटला लोंबकळायची सवय असते. वाट अडवायला तात्पुरते दोन आडवे बांबू पुरतील. बाकीचं काम पंधरा दिवस लांबलं तरी चालेल, पण हे आजच व्हायला हवं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही फोडायचं कसं ते विचारलंय, पण मी आधी खांब तिथेच का मोडला ते बघेन. वरचा पाइप धड आहे, काँक्रीटमधलाही बहुधा धड असेल, गेला तो मधला चार बोटांचा पट्टा. सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, २२ वर्षं हेच काम करतोय. जमिनीलगत मोडलेले खांब जेवढे पाहिले, त्यातले बहुतेक याच पट्ट्यात गेले होते.

त्याचं कारण असं. काँक्रीटच्या आतलं लोखंड सहसा गंजत नाही. सिमेंट अल्कधर्मी असतं, त्यामुळे लोखंडावर एक पातळ संरक्षक थर बसतो. जुनं घर पाडताना कॉलममधली सळई कधी कधी अगदी कोरी निघते ती त्यामुळेच. वरचा पाइप भिजला तरी उन्हा-वाऱ्यात वाळतो. पण पाइप जिथे काँक्रीटमधून बाहेर येतो तिथे पाणीही टिकतं आणि हवाही मिळते, आणि गंजाला दोन्ही लागतात. त्यात गवंडी काँक्रीट जमिनीच्या पातळीला, बऱ्याचदा थोडं खालीच, सपाट करून सोडतो. सुकताना पाइपभोवती केसाएवढी फट पडते. तिच्यात पाणी उतरतं, वर माती आणि पालापाचोळा साचतो, आणि तो पट्टा पावसाळाभर ओल्या पट्टीत गुंडाळल्यासारखा राहतो. तिथेच खताच्या गोण्या उतरवत असाल किंवा खांबाला जनावर बांधत असाल, तर खतातले क्षार आणि गोमूत्र गंज आणखी वाढवतात.

दुसरं कारण पाइपच्या आत असतं. मोडलेल्या तोंडाकडे नीट बघा. आतून तांबूस पापुद्रे सुटत असतील तर समजा की वरचं तोंड उघडं होतं आणि पावसाचं पाणी आत साचत होतं. असा खांब बाहेरून कितीही रंगवला तरी आतून पोखरतच राहतो. दुसऱ्या बाजूचा खांब अजून उभा आहे ना? त्याला खालपासून वरपर्यंत हातोडीनं हलकेच वाजवत जा. धड पाइप टणटण वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो. खालचा फूटभर बद्द वाजला तर दोन्ही खांब एकदमच बदला.

तिसरं कारण गेटचं. दीडशे किलोचा १२ फुटी पल्ला, म्हणजे त्याचं वजन बिजागरीपासून सहा फुटांवर लोंबतंय. वरच्या आणि खालच्या बिजागरीत चार फूट अंतर धरलं, तर वरची बिजागरी खांबाला सव्वादोनशे किलोच्या जोरानं ओढते आणि खालची तेवढ्याच जोरानं ढकलते. हा पीळ बरोबर त्या गंजलेल्या पट्ट्यावर येतो. त्याच गेटचे सहा-सहा फुटी दोन पल्ले केले, तर प्रत्येक पल्ल्याचं वजन निम्मं होतं आणि ते तीनच फुटांवर येतं. ओढ उरते साधारण ५६ किलो, म्हणजे चौथाई. माझा पहिला आग्रह म्हणूनच हा, की गेट एरवीही उतरवणारच आहात, तर ते मधोमध कापून दोन पल्ल्यांचं करून घ्या. मधल्या उभ्या पट्ट्या आणि खाली रोवायचा बोल्ट एवढाच वाढीव खर्च. शिवाय वरच्या अर्ध्या भागातला पत्रा काढून जाळी किंवा पट्ट्या लावा. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा बंद गेटच्या पत्र्यावर शिडात भरल्यासारखा भरतो, आणि तो सगळा जोर खांबालाच सोसावा लागतो.

आता खुंटावर वेल्डिंगचा प्रश्न. तुमचा फॅब्रिकेटर फसवतोय असं मी म्हणणार नाही, कारण मीही हे केलेलं आहे. धंद्यात नवा असताना मखमलाबादला एका बागाईतदारांच्या गेटचा खांब असाच खुंटावर जोडून दिला. वरून चार पट्ट्या मारल्या, रंग दिला, काम देखणं दिसत होतं. दोन पावसाळ्यांनंतर तो खांब गेटसकट आडवा झाला. दुपारची वेळ होती, वाटेत कोणी नव्हतं. जोड मारला होता तो गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर, तोही ओल टिकणाऱ्या त्याच पट्ट्यात. ते गेट मी पदरमोड करून पुन्हा उभं केलं, आणि तेव्हापासून वजन पेलणारा खांब खुंटावर जोडत नाही.

काँक्रीट न फोडता होणारे दोन मार्ग आहेत, पण ते कुठे चालतात ते परिस्थितीवर ठरतं. एक, खुंटाच्या आत बसेल असा बारीक पाइप खाली तळापर्यंत घालून भोवती पातळ सिमेंटचा ग्राउट ओतायचा. खुंट आतून धड असेल आणि खांब कुंपणाचा असेल तर हे चांगलं काम देतं. गेटला मात्र हा मार्ग नको, कारण मुळातच कमी पडलेल्या ३ इंची पाइपच्या जागी त्याहून बारीक पाइप उभा राहतो. दोन, खुंट कापून काँक्रीट वरून सपाट करायचं आणि बेसप्लेट, म्हणजे नव्या खांबाच्या बुडाला वेल्ड केलेली जाड प्लेट, काँक्रीटमध्ये रुतवलेल्या अँकर बोल्टनं बसवायची. त्यासाठी ठोकळा मोठा, न तडकलेला आणि बोल्टच्या चारही बाजूंना भरपूर काँक्रीट असलेला हवा. तुमचा ठोकळा तुम्ही दीड फूट चौरस आणि दोन फूट खोल सांगता. गेटसाठी तो वरूनही लहान आणि खोलीलाही कमी आहे. म्हणून तुमच्या बाबतीत तो काढणं हेच बरोबर, फक्त जुन्या मापाचा ठोकळा तिथे परत ओतू नका.

खोली का कमी राहते, तेही सांगतो. पाइप ६ मीटरच्या लांबीत येतो, म्हणजे २० फुटांना थोडा कमी. एका लांबीत दोन खांब काढायचे म्हटलं की प्रत्येकी पावणेदहा फूट मिळतात. गेटसाठी साडेसात फूट वर हवे असले की जमिनीत जायला सव्वादोन फूटच उरतात. खोली जमीन बघून ठरायला हवी, ती ठरते पाइप वाचवण्यावर. तुम्ही दोन लांब्या घ्या, उरलेला तुकडा कुंपणाच्या कोपऱ्याला कामी येईल.

आडगावकडची जमीन काळी, म्हणून खोलीचा एवढा आग्रह. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा दोन फुटांचा थर तर दरवर्षी हलतच असतो. त्यातला ठोकळा एक वर्ष डावीकडे कलतो, दुसऱ्या वर्षी उजवीकडे, आणि गेटची कडी कोयंड्यात बसेनाशी होते. चार फुटांपर्यंत जा. मध्येच पक्का मुरूम लागला तर त्यात फूटभर उतरून थांबलं तरी चालतं. सिन्नरच्या बाजूला मुरमाड माळावर किंवा जिथे हातभर खाली काळा पाषाण लागतो तिथे मी वेगळं सांगेन, पण काळ्या रानात चार फूट.

आता तुम्ही विचारलेलं काम. तुमचा ठोकळा साधारण तीनशे किलोचा आहे. तो फोडण्यापेक्षा अख्खा काढणं सोपं पडतं, कारण खड्डा तर तुम्हाला दोन फूट रुंद आणि चार फूट खोल करायचाच आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी ठोकळ्याभोवती पाणी सोडा. वाळलेली काळी माती टिकावालाही दाद देत नाही, आणि फार भिजली तर पायाला चिकटून येते, तेव्हा दोन-तीन बादल्यांवर थांबा. दुसऱ्या दिवशी ठोकळ्याच्या एकाच बाजूला, म्हणजे प्लॉटच्या आतल्या बाजूला, उतरता चर खणा. ठोकळ्याच्या तळापर्यंत पोहोचलात की पहारीनं तो चराकडे कलता करा. एका बाजूला जागा मिळाली की तो सुटा होतो. वर तिपाई उभी करून चेन पुलीनं उचला. खुंट धड असेल तर त्यात आरपार भोक पाडून जाड सळई घाला आणि साखळी तिला अडकवा. खुंट कुजका असेल तर साखळी ठोकळ्याच्या पोटाखालून घ्या. उचलताना खड्ड्यात माणूस नको.

ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढू नका, ही माझी हात जोडून विनंती. साखळी तुटली तर गोळीसारखी येते. शिवाय साखळी उंचावर बांधली आणि ठोकळा अडून बसला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे चालकावर उलटतो. जेसीबी शेजारच्या शेतात आलाच असेल तर बकेटनं ठोकळा दहा मिनिटांत निघतो, पण तो खड्डाही ऐसपैस करून ठेवतो, आणि मग काँक्रीट दुप्पट लागतं.

ठोकळा कंपाउंडच्या भिंतीला चिकटून असेल तर मात्र तो जागेवरच फोडावा लागतो. ब्रेकर भाड्यानं मिळतो. मधोमध मारत बसू नका, कडेपासून सुरुवात करा. फुटलेल्या तुकड्याला सरकायला जागा लागते, ती नसली की छिन्नी नुसती भुगा करते. आधी कडेपासून चार-पाच इंचांवर ओळीनं भोकं पाडून घेतली की कपच्या सुटत जातात. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. आणि गेटवरच्या दिव्याची केबल किंवा ठिबकची पाइपलाइन कुठून गेलीय ते आधी शोधा. केबल असेल तर मेन स्विच बंद करूनच पहार घाला.

खड्ड्याचा आकार महत्त्वाचा. वर रुंद आणि खाली निमुळता, भोवऱ्यासारखा, असा खड्डा काळ्या मातीत कधीही नको. माती फुगली की त्याला वर रेटते. बाजू सरळ ठेवा आणि तळाशी सगळीकडून तीन-चार इंच आत कोरून घ्या, म्हणजे काँक्रीट खाली पाय रोवून बसतं. तळाला चार इंच खडी किंवा मुरूम टाकून ठोका.

खांबासाठी ४ इंची हेवी पाइप घ्या, ज्याला बाजारात सी क्लास म्हणतात. दुकानात सगळेच पाइप सारखे दिसतात, म्हणून वजन करून घ्या. हेवी पाइप मीटरला साडेचौदा किलोच्या आसपास भरतो, मीडियम बाराच्या. जमिनीत जाणाऱ्या भागाला सळईचे चार तुकडे आडवे वेल्ड करा, म्हणजे खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही. त्या भागाला ऑइल पेंट देऊ नका, काँक्रीटनं कोऱ्या लोखंडाला धरायला हवं. फक्त काँक्रीटच्या वरच्या पातळीपासून सहा इंच खाली आणि सहा इंच वर एवढ्या पट्ट्याला इपॉक्सीचे दोन हात द्या. पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, असेल तर वेल्डच्या जागचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं काढा. जस्ताचा धूर बाधतो, तेव्हा काम मोकळ्या हवेत करा. वेल्ड झालं की उघड्या पडलेल्या जागी जस्ताचा प्रायमर मारा.

काँक्रीट एकास दीडास तीन. ५० किलोच्या पोत्याला सव्वा घनफुटाचा फर्मा धरला तर दीड फर्मा वाळू, तीन फर्मे २० मिलिमीटरची खडी. पाणी पोत्याला २५ लिटरच्या वर नको. कामगार पातळ करायला बघतात, कारण ओतायला सोपं जातं. तिथे तुम्ही स्वतः उभ्या राहा. दोन फूट चौरस, चार फूट खोल खड्ड्याला १६ घनफूट काँक्रीट लागतं, म्हणजे एका खांबाला चार पोती. ठोकळा टनाच्या वर जातो, आणि गेट पेलायला तो तसाच हवा. सळईनं टोचत टोचत भरा. खांब ओळंब्यात धरताना दोन बाजूंनी बघा, समोरून आणि बाजूनं. एकाच बाजूनं बघितलेला खांब दुसरीकडे हमखास कललेला निघतो. तिरके बांबू बांधा आणि ते सात दिवस काढू नका.

काँक्रीट जमिनीच्या वर चार इंच येऊ द्या आणि पाइपपासून बाहेर उतार देऊन घोटा, टोपीसारखं. पाणी खांबापाशी थांबताच कामा नये. पाइपच्या आतही काँक्रीट भरा, या टोपीच्या वर सहा इंचांपर्यंत, म्हणजे आत पाणी साचायला खळगा उरत नाही. त्याच्या लगेच वर एक बारीक भोक ठेवा, घामाचं पाणी निघून जाईल. वरचं तोंड प्लेटनं पूर्ण वेल्ड करून बंद करा. प्लॅस्टिकची टोपी दोन उन्हाळ्यांत चिरते.

काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट मी शक्य तिथे करतोच. दोन्ही खांबांचे पाये जमिनीखालून एका बीमनं जोडायचे. नऊ इंच बाय नऊ इंच, १० मिलिमीटरच्या चार सळया, सहा-सहा इंचांवर रिंगा, आणि बीमचा माथा रस्त्याच्या पातळीखाली सहा इंच. मग जमीन हलली तरी दोन खांबांमधलं अंतर बदलत नाही. खर्च वाढतो हे खरं. दोन पल्ले करणार असाल आणि चार फुटांत मुरूम लागला, तर बीमशिवायही चालेल. मुरूम लागला नाही तर बीम सोडू नका.

गोणपाट गुंडाळून सात दिवस पाणी मारा. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असेल तर दहा दिवस, कारण ते सावकाश ताकद धरतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा तर आणखी सावकाश. गेट दोन आठवड्यांआधी चढवू नका. सातव्या दिवशी काँक्रीट हाताला दगडासारखं लागतं, पण ताकद पूर्ण आलेली नसते, आणि गेटची ओढ पहिल्या दिवसापासून पूर्ण असते.

कुंपणाच्या अँगलबद्दल. तिथे एवढा खटाटोप नको. मधल्या अँगलवर ओढ फार नसते, म्हणून जुना ठोकळा तसाच सोडा, खुंट जमिनीलगत कापा आणि दीड-दोन फूट सरकून नवा खड्डा घ्या. कापण्याआधी तारेचा ताण सोडा. ताणलेली काटेरी तार सुटली की चेहऱ्यावर येते. नवे खड्डे घेण्याआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून जुनी ओळ पक्की करा, बांधाच्या बाजूचे असतील तर शेजाऱ्यांना उभं करूनच. वीतभर अँगल सरकल्यानं झालेली भांडणं मी पाहिलीत. कोपऱ्याच्या आणि शेवटच्या अँगलला मात्र नवा पाया आणि तिरका टेकू हवाच, सगळ्या तारांचा ताण तिथे येतो. आपल्याकडे मोडलेल्या द्राक्षबागांचे जुने अँगल स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येकाचा खालचा फूटभर भाग वाजवून बघा, आणि बद्द वाजणारा तेवढा कापून टाका.

हे सगळं दिवाळीनंतर काढा. तेव्हा माती खणण्याजोगी मऊ असते आणि भेगा उघडलेल्या नसतात. काम झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ठोकळ्याभोवती बोटभर फट पडेल. ती पडणारच, घाबरू नका. पावसाआधी ती मुरमानं भरून पहारीच्या बोथट टोकानं ठोकून घ्या. काळी माती त्यात परत लोटू नका.